रस्त्याच्या काँक्रीटचे सबलीकरण : मिश्र सिमेंट व पोलादी तंतू यांचा उपयोग

सारांश :
सिमेंट काँक्रीटचा रस्ता वाहनांच्या भाराखाली चिरडून खराब होत नाही, तर वारंवार वाकल्यामुळे तडकतो. त्यामुळे अशा काँक्रीटचे सबलीकरण म्हणजे केवळ त्याचे दाबसामर्थ्य वाढविणे नव्हे. त्याचे नमनसामर्थ्य, शिणवटा सोसण्याची शक्ती आणि तडा गेल्यानंतरही एकसंध राहण्याचा गुण वाढविणे होय. राख किंवा धातुमळी मिसळलेले मिश्र सिमेंट आणि पोलादी तंतू हे दोन उपाय या दृष्टीने कसे कार्य करतात, ते परस्परांना कसे पूरक ठरतात आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : काँक्रीट रस्ता, नमनसामर्थ्य, शिणवटा, मिश्र सिमेंट, फ्लाय ॲश, पोलादी तंतू, क्युरिंग.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात काँक्रीटचे रस्ते आता नवलाईचे राहिलेले नाहीत. २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, २०२२ ते २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झालेला ७०१ किलोमीटर लांबीचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग, तसेच महानगरांतील रस्त्यांचे काँक्रिटीकरण ही त्याची ठळक उदाहरणे होत. गावातील मुख्य रस्ताही आज बहुधा सिमेंटचाच केला जातो. डांबरी रस्त्यापेक्षा काँक्रीटच्या रस्त्यास आरंभी अधिक खर्च येतो. तो रस्ता दोन-तीन दशके टिकेल या अपेक्षेवरच हा खर्च समर्थनीय ठरतो. मात्र काही रस्ते दोन-चार पावसाळ्यांतच तडकतात. अशा वेळी सार्वजनिक निधी वाया जातोच, शिवाय डांबरी रस्त्याप्रमाणे वरचा थर देऊन दुरुस्ती करणेही सोपे नसते. तडकलेली संपूर्ण लादीच उखडावी लागते.

अनेकदा अशा रस्त्याच्या काँक्रीटचे ठोकळे प्रयोगशाळेत चाचणीत उत्तीर्ण झालेले असतात. ‘क्यूब पास आणि रस्ता नापास’ ही विसंगती कशामुळे निर्माण होते, हा प्रस्तुत लेखामागील मूळ प्रश्न आहे.

या लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) रस्त्याच्या काँक्रीटवर येणाऱ्या ताणांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) मिश्र सिमेंट व पोलादी तंतू यांचे कार्य समजावून घेणे.
३) या दोहोंच्या एकत्रित उपयोगाचे लाभ, मर्यादा व प्रत्यक्ष कामावरील दक्षता यांची चर्चा करणे.

२. रस्त्याचे काँक्रीट का तडकते?

इमारतीच्या खांबातील काँक्रीट मुख्यतः दाब सोसते. रस्त्याची लादी मात्र जमिनीवर टेकलेल्या फळीसारखी असते. जड वाहनाचे चाक लादीच्या कडेवर आले की ती किंचित वाकते. तिच्या वरच्या भागात दाब आणि तळाच्या भागात ताण निर्माण होतो. काँक्रीट दाबाला बळकट, परंतु ताणाला दुबळे असते. साहजिकच तडा तळाशी जन्म घेतो व वर सरकतो. रस्त्यावर तो दिसू लागतो तेव्हा लादीचे नुकसान बरेच होऊन गेलेले असते.

यात तापमानाची भर पडते. भर दुपारी लादीचा पृष्ठभाग तळापेक्षा अधिक तापतो व अधिक प्रसरण पावतो. त्यामुळे लादीचा मध्यभाग उचलला जाऊ पाहतो. परंतु स्वतःचे वजन तिला खाली धरून ठेवते व तळाशी आणखी ताण निर्माण होतो. रात्री याच्या उलट घडते आणि ताण पृष्ठभागाकडे येतो. विदर्भ-मराठवाड्यासारख्या प्रदेशात उन्हाळ्यातील दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठा फरक असतो. तेथे हा परिणाम दुर्लक्षून चालत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ५८ क्रमांकाच्या संहितेत दिवसा तळाकडून आणि रात्री पृष्ठभागाकडून जाणारा तडा, असे दोन्ही प्रकार लादीच्या संकल्पनात विचारात घेतलेले आहेत.

तिसरे कारण म्हणजे शिणवटा. तार एकदा वाकविल्याने तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकविल्याने तुटते. तसेच काँक्रीटचे होते. लादीत निर्माण होणारा ताण आणि तिचे नमनसामर्थ्य यांच्या गुणोत्तरावर तिचे आयुष्य अवलंबून असते. उपरोक्त संहितेतील सूत्रांनुसार हे गुणोत्तर ०.६० असल्यास लादी सुमारे ३१ हजार भारफेऱ्या सोसते, ते ०.५४ झाल्यास सुमारे १ लाख ६६ हजार आणि ०.५० झाल्यास सुमारे ७ लाख ६२ हजार. गुणोत्तर ०.४५ च्या खाली गेल्यास फेऱ्यांची संख्या अमर्याद मानली जाते.

हेच उदाहरणाने पाहू. लादीतील ताण २.७ मेगापास्कल आहे असे मानू. १ मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १ न्यूटन बल होय. नमनसामर्थ्य ४.५ मेगापास्कल असल्यास गुणोत्तर ०.६० येते आणि ते ५.४ मेगापास्कल असल्यास ०.५०. म्हणजे सामर्थ्यात २० टक्के वाढ झाली, पण आयुष्य जवळजवळ २५ पट वाढले. हेच गणित उलट दिशेनेही चालते. २०१८ साली केंद्र शासनाने मालवाहू वाहनाच्या चार चाकांच्या एका आसावरील भाराची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. ही वाढ सुमारे १३ टक्के आहे; परंतु जुन्या भारासाठी आखलेल्या लादीचे आयुष्य तेवढ्याच टक्क्यांनी नव्हे, तर कितीतरी अधिक घटू शकते.

३. दाबसामर्थ्य आणि नमनसामर्थ्य

आपल्याकडे कामाच्या ठिकाणी काँक्रीटची परीक्षा प्रामुख्याने १५ सेंटिमीटरचा ठोकळा दाबून केली जाते. या ठोकळ्याच्या दाबसामर्थ्यावरून नमनसामर्थ्याचा अंदाज बांधण्यासाठी भारतीय मानक ४५६ मध्ये एक सूत्र दिले आहे. त्यानुसार नमनसामर्थ्य हे दाबसामर्थ्याच्या वर्गमुळाच्या ०.७ पट असते. या सूत्राने एम-४० प्रतीच्या काँक्रीटचे नमनसामर्थ्य सुमारे ४.४ व एम-६० प्रतीचे सुमारे ५.४ मेगापास्कल येते. अर्थात दाबसामर्थ्य दीडपट केले, तरी नमनसामर्थ्य केवळ २२ टक्क्यांनी वाढते. केवळ सिमेंट वाढवून हा पल्ला गाठणे खर्चिक तर आहेच, शिवाय जादा सिमेंटमुळे उष्णता व आकुंचन वाढून नवे तडे उद्भवण्याचा संभव असतो.

त्यामुळे रस्त्याच्या कामात ठोकळ्याबरोबरच १५ × १५ × ७० सेंटिमीटर मापाच्या तुळईची नमनचाचणी घेणे अगत्याचे ठरते. महामार्गाच्या काँक्रीटसाठी २८ दिवसांचे किमान नमनसामर्थ्य ४.५ मेगापास्कल अपेक्षित असते. ग्रामीण भागातील लहान कामांत ही चाचणी मागे पडते आणि प्रारंभी उल्लेखिलेल्या विसंगतीचे एक मूळ येथे सापडते.

४. मिश्र सिमेंटचे कार्य

सिमेंटमध्ये पाणी मिसळले की कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाचा चिकट, बळकट पदार्थ तयार होतो. खडी-वाळूला बांधून ठेवणारा तो हाच. त्याबरोबर कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच विरलेला चुना, हाही निर्माण होतो. घट्ट झालेल्या सिमेंटच्या लगद्यात याचे प्रमाण साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढे असते. हा चुना बळकटीत फारशी भर घालीत नाही. खडीच्या कणाभोवतीच्या २० ते ५० मायक्रोमीटर जाडीच्या थरात तो विशेषेकरून साचतो आणि तेथे सच्छिद्रताही अधिक असते. वाकणाऱ्या काँक्रीटमध्ये तडा बहुधा याच कमकुवत थरातून वाट काढतो.

औष्णिक वीज केंद्रातील बारीक राख, जिला व्यवहारात फ्लाय ॲश म्हणतात, तिच्यात काचरूप सिलिका व ॲल्युमिना असतात. ही सिलिका वरील चुन्याशी संयोग पावून पुन्हा कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटच तयार करते. म्हणजे दुबळ्या घटकाचे रूपांतर सबळ घटकात होते व खडीभोवतीचा थर घट्ट बनतो. हे तत्त्व आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हते. घाणीत मळलेल्या चुन्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळण्याची जुनी रीत याच क्रियेवर आधारलेली होती. रोमन स्थपती इटलीतील पोझ्झुओली परिसरातील ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळीत. त्यावरूनच या क्रियेस पोझ्झोलानी क्रिया असे नाव पडले.

भारतीय मानकांनुसार पोर्टलँड पोझ्झोलाना सिमेंटमध्ये राखेचे प्रमाण १५ ते ३५ टक्के, तर पोर्टलँड स्लॅग सिमेंटमध्ये लोखंडाच्या झोतभट्टीतील दळलेल्या धातुमळीचे प्रमाण २५ ते ७० टक्के असते. २०१५ च्या मानकानुसार राख व धातुमळी दोन्ही असलेले संयुक्त सिमेंटही तयार करता येते. महाराष्ट्रात चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी येथील वीज केंद्रांतून राख उपलब्ध होते. सिलिका फ्यूम हा तिसरा पदार्थ होय. त्याचे कण सिमेंटच्या कणापेक्षा सुमारे शंभरपट लहान असल्याने ते सूक्ष्म पोकळ्याही भरून काढतात. मात्र तो महाग असून त्यामुळे काँक्रीटची पाण्याची मागणी वाढते.

मिश्र सिमेंटचा स्वभाव मात्र सावकाश काम करण्याचा आहे. राखेची क्रिया चुना निर्माण झाल्यानंतरच सुरू होते. त्यामुळे ३ व ७ दिवसांचे सामर्थ्य साध्या सिमेंटपेक्षा कमी दिसते. योग्य मिश्रणात २८ दिवसांच्या सुमारास ते बरोबरी साधते व ५६ ते ९० दिवसांत पुढे जाऊ शकते. या संपूर्ण काळात, विशेषतः आरंभी, काँक्रीटमध्ये ओलावा असणे अपरिहार्य आहे. म्हणूनच भारतीय मानक ४५६ साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस, तर मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस पाणी देण्यास सांगते. कोरड्या व उष्ण हवामानात ही मुदत अनुक्रमे १० व १४ दिवसांची धरावी असे सुचविते. मिश्र सिमेंट वापरून सातव्या दिवशी पाणी मारणे थांबविले, तर राख ही बांधणारा घटक न राहता केवळ भरताड ठरते.

५. पोलादी तंतूंचे कार्य

मातीच्या भिंतीच्या गाऱ्यात भुसा किंवा गवताच्या काड्या मिसळण्याची प्रथा खेड्यापाड्यांत सर्वपरिचित आहे. गारा वाळताना भेगा पडू नयेत व पडल्या तरी भिंत सुटू नये, हा त्यामागील हेतू. पोलादी तंतूंचे तत्त्व हेच आहे. १९६३ साली अमेरिकेत रोमुअल्डी व बॅटसन यांनी काँक्रीटमधील तडा रोखण्याच्या क्रियेचे शास्त्रीय विवेचन केले आणि या विषयाच्या आधुनिक अभ्यासास चालना मिळाली.

रस्त्यासाठी वापरले जाणारे तंतू साधारणतः ३० ते ६० मिलिमीटर लांब व ०.५ ते १ मिलिमीटर जाड असतात आणि त्यांची टोके बहुधा आकड्यासारखी वळविलेली असतात. ६० मिलिमीटर लांब व ०.७५ मिलिमीटर जाड तंतू आकारमानाच्या ०.५ टक्के प्रमाणात मिसळले, तर एका घनमीटर काँक्रीटमध्ये सुमारे ३९ किलोग्रॅम वजनाचे, म्हणजे जवळपास १ लाख ८८ हजार तंतू सर्व दिशांना विखुरले जातात. तडा कोठेही उघडू लागला, तरी त्याच्या दोन्ही काठांना सांधणारे तंतू तेथे असतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. व्यवहारातील अल्प प्रमाणात तंतू मिसळल्याने काँक्रीटचे दाबसामर्थ्य फारसे वाढत नाही. पहिला तडा ज्या भाराला जातो तो भारही माफकच वाढतो. खरा फरक तडा गेल्यानंतर दिसतो. साधी तुळई तडा जाताच दोन तुकडे होऊन पडते. तंतुयुक्त तुळई मात्र तडा गेल्यावरही भाराचा काही हिस्सा पेलत राहते. आकड्याचा तंतू काँक्रीटमधून हळूहळू उपटला जाताना सरळ होतो व त्यात मोठी ऊर्जा खर्ची पडते. या गुणास चिवटपणा म्हणतात. याचा परिणाम म्हणून तडे बारीक राहतात, त्यांतून पाणी खालच्या थरात झिरपण्याचे प्रमाण घटते आणि शिणवटा सोसण्याची क्षमता वाढते. तंतुयुक्त रस्त्यांच्या संकल्पनासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची ४६ क्रमांकाची विशेष मार्गदर्शिका उपलब्ध आहे.

६. दोहोंचा एकत्रित उपयोग

मिश्र सिमेंट हे तडा जाण्यापूर्वी काम करते, तर तंतू मुख्यतः तडा जाऊ लागल्यानंतर. पहिला उपाय काँक्रीटच्या बांध्याचा, दुसरा त्याच्या स्वभावाचा आहे. त्यांचा परस्परांशी संबंधही आहे. खडीप्रमाणेच तंतूभोवतीही एक सच्छिद्र थर असतो. राख किंवा सिलिका फ्यूममुळे तो घट्ट झाला की तंतूची पकड वाढते. राखेचे कण बहुतांशी गोल असल्याने, तंतूंमुळे घटणारा मिश्रणाचा प्रवाहीपणा काही अंशी भरून निघतो. याउलट मिश्र सिमेंटचे आरंभीचे सामर्थ्य कमी असते. त्या नाजूक काळात आकुंचनामुळे निर्माण होणाऱ्या भेगांवर तंतू अंकुश ठेवतात.

तथापि पकड जितकी अधिक तितके उत्तम, असे म्हणता येत नाही. ती प्रमाणाबाहेर वाढली तर तंतू उपटला न जाता मधेच तुटतो आणि चिवटपणा उलट घटतो. म्हणून अतिसबळ काँक्रीटसाठी अधिक ताणसामर्थ्याच्या पोलादाचे तंतू निवडावे लागतात.

७. मर्यादा व दक्षता

प्रत्यक्ष कामावर पुढील बाबींकडे लक्ष देणे गरजेचे आहे.

१) राख दुबार पडू नये. पोझ्झोलाना सिमेंटमध्ये राख आधीच असते व तिचे प्रमाण गोणीवर छापलेले असते. त्यात कामावर पुन्हा राख मिसळल्यास क्लिंकरचे प्रमाण फार घटते व काँक्रीट कमकुवत होते.

२) सर्व राख सारखी नसते. वीज केंद्राच्या तळ्यातील ओली, जाडीभरडी राख सिमेंटच्या जागी चालत नाही. कोरडी, बारीक व मानकात बसणारीच राख घ्यावी. न जळलेल्या कोळशाचा अंश जास्त असल्यास मिश्रणातील रसायनांचा प्रभाव कमी होतो.

३) तंतूंचा गुंता होऊ देऊ नये. ते एकदम ओतल्यास गोळे बनतात. ते हळूहळू सोडावेत. घट्टपणा आल्यास पाणी न वाढविता सुपरप्लास्टिसायझर वापरावे.

४) सांध्यांची कापणी वेळेवर व्हावी. मिश्र सिमेंट सावकाश घट्ट होत असल्याने, विशेषतः थंडीत, कापणीची वेळ पुढे सरकते. घाईने कापल्यास कडा तुटतात आणि उशीर झाल्यास तडा आपली वाट स्वतःच शोधतो.

५) पायाचे दोष काँक्रीटने झाकले जात नाहीत. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. खालचा थर व पाण्याचा निचरा नीट नसल्यास तंतुयुक्त लादीही आधार गमावते. तसेच तंतू हे सांध्यांतील डॉवेल गजांना पर्याय नव्हेत.

६) कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत पृष्ठभागावरील तंतूंवर गंजाचे ठिपके दिसतात. सुटे तंतू गंजल्याने लादी सहसा फुटत नाही. परंतु पृष्ठभागाचे काम करताना तंतू खाली दाबले जातील याची काळजी घ्यावी.

८. खर्च व पर्यावरण यांचा हिशेब

एक टन क्लिंकर तयार करताना साधारण ०.८ ते ०.९ टन कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. त्यातील निम्म्याहून अधिक भाग इंधनातून नव्हे, तर चुनखडी भाजताना तिच्यातूनच बाहेर पडतो. समजा, ७ मीटर रुंद व ३० सेंटिमीटर जाड असा १ किलोमीटर रस्ता करावयाचा आहे. त्यास २,१०० घनमीटर काँक्रीट लागेल. दर घनमीटरला ४०० किलोग्रॅम सिमेंट धरून त्यातील २५ टक्क्यांच्या जागी राख वापरल्यास २१० टन सिमेंट वाचते व किमान १७० टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड टळतो.

आता त्याच रस्त्यात ०.५ टक्के तंतू घातले, तर सुमारे ८२ टन पोलाद लागेल. एक टन पोलादामागे जवळपास दोन टन कार्बन डायऑक्साइड धरल्यास वरील बचत जवळजवळ सगळीच नाहीशी होते. खर्चही लक्षणीय वाढतो. तंतूंमुळे लादीची जाडी कमी करता आली किंवा तिचे आयुष्य वाढले, तरच हा व्यवहार फायद्याचा ठरतो. यावरून एक व्यावहारिक विवेक सुचतो. मिश्र सिमेंट सर्वत्र वापरण्याजोगे आहे. तंतू मात्र जेथे ताण असाधारण आहे अशा निवडक जागी वापरावेत. बसथांबे, पथकर नाके, चौक, जुन्या डांबरी रस्त्यावर द्यावयाचे पातळ काँक्रीटचे थर आणि साखर कारखाने किंवा बाजार समित्यांसमोरील जड वाहतुकीचे पट्टे ही अशी ठिकाणे होत.

९. निष्कर्ष

१) रस्त्याच्या काँक्रीटचे सबलीकरण मोजण्याचे खरे माप नमनसामर्थ्य व शिणवट्याचे आयुष्य हे आहे, केवळ ठोकळ्याचे दाबसामर्थ्य नव्हे.

२) नमनसामर्थ्यातील अल्प वाढ रस्त्याचे आयुष्य अनेक पटींनी वाढविते, तसेच अल्प घटही ते झपाट्याने खालावते. त्यामुळे कामावरील लहानसहान हयगय येथे लहान राहत नाही.

३) मिश्र सिमेंट खडी-सिमेंटचा जोड घट्ट करते, तंतू तडा रोखून धरतात. दोन्ही उपाय परस्परपूरक आहेत. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

४) मिश्र सिमेंटचा लाभ वेळ व पाणी यांवर अवलंबून आहे. काम पूर्ण झाल्यावर किमान १४ दिवस ओले गोणपाट किंवा आळी करून साठविलेले पाणी, आणि सर्वसाधारणपणे २८ दिवस वाहतुकीस बंदी, या दोन अटी पाळल्या नाहीत तर उत्तम मिश्रणही निष्फळ ठरते.

५) ग्रामपंचायत वा नगरपालिकेच्या कामांतही तुळईची नमनचाचणी, गोणीवरील राखेच्या प्रमाणाची नोंद आणि पाणी दिल्याच्या दिवसांची नोंदवही या तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. यांस फारसा खर्च येत नाही. अभियंता, कंत्राटदार व ग्रामस्थ या तिघांनाही त्या तपासता येतात.

उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असणाऱ्या गावात १४ दिवस रस्त्याला पाणी द्यावयाचे कसे, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर ओलावा धरून ठेवणारे रासायनिक लेपन हा एक मार्ग आहे. परंतु त्याहून सोपा मार्ग म्हणजे कामाचे नियोजनच पाणी उपलब्ध असलेल्या हंगामात करणे. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी निधी खर्ची पडावा म्हणून कामे बहुधा मार्चमध्ये उरकली जातात आणि त्यानंतर लगेच कडक उन्हाळा येतो. अशा वेळी सिमेंट, राख व पोलाद यांचे गुण कागदावरच राहतात. म्हणून काँक्रीटच्या सबलीकरणाची पहिली पायरी ही कामाच्या वेळापत्रकात आहे, हे नियोजनकर्त्यांनी ध्यानात घेणे अत्यावश्यक आहे.